‘एक औंस’ तांबं म्हणजे नक्की किती? सर्किट बोर्डातला केसाहून पातळ थर आणि भारताचं मोठं गणित

वीज जाते, इन्व्हर्टर सुरू होतो आणि पाचव्या मिनिटाला जळका वास सोडून गप्प बसतो. दुरुस्तीवाला झाकण उघडतो, आतला बोर्ड बाहेर काढून उजेडात धरतो आणि म्हणतो, “साहेब, ट्रॅक उडालाय. जंपर मारून देतो.” मग तो तुटलेल्या जागेवरून तांब्याच्या तारेचा एक तुकडा सोल्डर करतो आणि इन्व्हर्टर परत चालू होतो.

हा संवाद आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेला असतो. पण ‘उडालेला ट्रॅक’ म्हणजे नेमकं काय, हे सहसा कुणी विचारत नाही. बोर्डाच्या हिरव्या रंगाखाली तांब्याच्या पट्ट्या असतात. एका सुट्या भागाकडून दुसऱ्याकडे वीज याच पट्ट्यांमधून जाते. त्यांची जाडी माणसाच्या केसाच्या साधारण निम्मी असते. एवढ्याशा थरातून कधी अर्धा अँपिअर वाहतो, तर कधी पन्नास.

दरवेळी दोष या थराचाच असतो असं मात्र नाही. बऱ्याचदा आधी मॉस्फेट शॉर्ट होतो, मग प्रवाहाचा लोंढा येतो आणि ट्रॅक फ्यूजसारखा जळून जातो. पण बोर्ड वर्षानुवर्षं रोज किती तापणार आणि किती टिकणार, हे ठरण्यात या थराच्या जाडीचा वाटा मोठा असतो.

आज हा विषय घेण्याचं कारण वेगळं आहे. भारत सध्या सर्किट बोर्ड देशातच बनवण्यासाठी हजारो कोटी रुपये लावतोय. केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ मार्च २०२५ ला इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. २७ ऑक्टोबर २०२५ ला त्यातले पहिले सात प्रकल्प जाहीर झाले. त्यांची एकूण गुंतवणूक ५,५३२ कोटी आहे. या प्रकल्पांमुळे सर्किट बोर्डांची देशातली २० टक्के मागणी इथेच भागेल, आणि बोर्डाचा कच्चा माल असलेल्या कॉपर क्लॅड लॅमिनेटची तर सगळीच मागणी भागेल, असं सरकारने तेव्हा सांगितलं. त्याच वर्षी दुसरीकडे तांब्याच्या भावाने विक्रम मोडले.

बोर्ड भारतात बनणार आणि तांबं महागणार, या दोन गोष्टी एकत्र आल्या की एक साधा प्रश्न उभा राहतो. बोर्डावर तांबं नक्की किती चढणार?

जाडी मोजायची, पण औंसात?

सर्किट बोर्डाच्या धंद्यात तांब्याची जाडी मिलिमीटरमध्ये सांगायची पद्धत नाही. ‘अर्धा औंस’, ‘एक औंस’, ‘दोन औंस’ असं बोललं जातं. औंस हे तर वजनाचं माप आहे, मग त्यात जाडी कशी मोजायची?

पोळी लाटताना काय होतं ते आठवा. लाटी तेवढ्याच वजनाची घेतली आणि पोळी तेवढ्याच आकाराची लाटली, तर जाडीही तेवढीच येते. इथे लाटी आहे एक औंस तांब्याची, म्हणजे सव्वाअठ्ठावीस ग्रॅमच्या आसपास. ते एक चौरस फुटावर सारखं पसरलं की जो थर होतो, तो ‘एक औंस’. त्याची जाडी ३४ ते ३५ मायक्रॉन भरते. अर्धा औंस म्हणजे साडेसतरा, दोन औंस म्हणजे सत्तर आणि तीन औंस म्हणजे एकशे पाच मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरला जातो. झेरॉक्सचा कागद आपण ‘७५ जीएसएम’ म्हणून घेतो, तोही याच पद्धतीने, वजनावरून जाडी ओळखून.

हे माप अमेरिकेतून आलं आणि जगभर रुजलं. आज चीनमधल्या कारखान्यातही मेट्रिक मापांच्या जोडीने औंस चालतो. यात गैर काही नाही. गोंधळ होतो तो पुढे, पण त्याआधी हा थर बोर्डावर येतो कसा ते पाहू.

तांबं ठोकून किंवा लाटून इतकं पातळ करता येतं, आणि वाकणाऱ्या बोर्डांसाठी तसं करतातही. नेहमीच्या बोर्डांसाठीची फॉइल मात्र विजेने ‘उगवली’ जाते. गंधकाच्या आम्लात तांबं विरघळवलेलं द्रावण एका मोठ्या टाकीत असतं. त्यात टायटॅनियमचा अजस्र ड्रम अर्धवट बुडून संथ फिरत असतो. वीज सोडली की ड्रमवर तांब्याचा थर साचत जातो, आणि ड्रम वर आला की तो थर सोलून गुंडाळला जातो. ड्रम हळू फिरवला की फॉइल जाड होते आणि वेगाने फिरवला की पातळ. ड्रमला चिकटलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत असते. दुसरी थोडी खडबडीत राहते, कारण पुढे तिलाच चिकटायचं असतं.

मग काचेच्या धाग्यांचं कापड इपॉक्सीत भिजवून, त्यावर ही फॉइल ठेवून, उष्णतेखाली दाबतात. हेच कॉपर क्लॅड लॅमिनेट. इंजिनीअरिंग किंवा डिप्लोमाला असताना पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्यांनी प्रोजेक्टसाठी तांब्याची कोरी शीट घेतली असेल, त्यांनी ते हातात धरलेलं आहे. नंतर फेरिक क्लोराइडच्या ट्रेमध्ये ती शीट हलवत बसायचं आणि नको असलेलं तांबं विरघळून जाण्याची वाट पाहायची. शर्टावरचे पिवळे-तपकिरी डाग धुऊन जात नाहीत, हे ज्ञानही तिथलंच.

कारखान्यातही तत्त्व तेच असतं. इतक्या खटपटीने चिकटवलेल्या तांब्यापैकी बराच भाग विरघळवून काढला जातो आणि शिल्लक राहतात त्या पट्ट्या म्हणजे ट्रॅक. फक्त मध्ये एक पायरी जास्त असते. बोर्डाला भोकं पाडल्यावर त्या भोकांच्या आतल्या भिंतींनाही तांबं चढवावं लागतं, नाहीतर वरचा थर आणि खालचा थर जोडला जाणार नाही. हे प्लेटिंग करताना बाहेरच्या पृष्ठभागावरही वीस-पंचवीस मायक्रॉन तांबं आपोआप चढतं.

गोंधळाचं मूळ याच पायरीत आहे.

एकच औंस, तीन अर्थ

समजा तुम्ही पंखा, चार्जर किंवा इन्व्हर्टर बनवणारे लघुउद्योजक आहात. बोर्ड बनवणाऱ्याला तुम्ही ड्रॉइंग पाठवलं आणि त्यावर लिहिलं, ‘तांबं: १ औंस’. तो काय बनवेल?

एक कारखाना एक औंसाच्या फॉइलपासून सुरुवात करेल. त्यावर प्लेटिंग चढेल आणि बाहेरचा थर पन्नास मायक्रॉनच्या घरात जाईल. दुसरा कारखाना अर्ध्या औंसाची फॉइल घेईल, वर प्लेटिंग चढवेल आणि म्हणेल, झाले की पस्तीस मायक्रॉन, तयार थर एक औंसाचाच आहे! दोघंही खोटं बोलत नाहीत. एकाने ‘सुरुवातीचा’ औंस धरला, दुसऱ्याने ‘शेवटचा’.

बोर्डांच्या दर्जासाठी जगभर वापरलं जाणारं मानक आयपीसी या संस्थेचं आहे. (जून २०२५ मध्ये तिने आपलं नाव बदलून ग्लोबल इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन केलं, पण बाजारात सगळे अजून आयपीसीच म्हणतात.) आयपीसी-६०१२ या मानकात तयार बोर्डावर कमीत कमी किती तांबं उरायला हवं, याचे तक्ते आहेत. नेहमीच्या दर्जाच्या बोर्डात एक औंसाच्या फॉइलवर प्लेटिंग झालं असेल, तर बाहेरचा थर किमान ४८ मायक्रॉनच्या आसपास हवा. सुरुवात अर्ध्या औंसापासून केली असेल तर साधारण ३३ चालतात. अनेक थरांच्या बोर्डात आतला थर एक औंसाचा असेल तर तो जेमतेम २५ मायक्रॉनपर्यंत उतरला तरी पास होतो. आतल्या थरावर सहसा प्लेटिंग चढत नाही. उलट घासणं, साफ करणं आणि रसायनांची प्रक्रिया यात थोडं तांबं जातंच.

म्हणजे ४८, ३३ आणि २५. तिन्हींना बोलताना ‘एक औंस’च म्हणतात, आणि पहिल्या-शेवटच्यात जवळपास दुपटीचा फरक आहे. दुधात पाणी घालण्याची गरजच पडत नाही, कारण लिटरचंच माप तीन प्रकारचं आहे.

शिवाय हे मानक कायदा नाही. खरेदीच्या ऑर्डरवर त्याचा उल्लेख केला तरच ते बंधनकारक ठरतं. लहान खरेदीदार बहुधा फक्त दर आणि किती दिवसांत माल मिळेल, एवढंच विचारतो.

निम्मी जाडी, दुप्पट उष्णता

एवढ्याशा मायक्रॉनांनी काय बिघडतं? एक हिशोब करू.

घरच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टची एक बॅटरी असते. त्यावर पंखे, दिवे, टीव्ही आणि राउटर मिळून ६०० वॉटचा भार टाकला, तर बॅटरीकडून किमान ५० अँपिअर प्रवाह यावा लागतो. तुलनेसाठी सांगायचं तर तुमचा ७५० वॉटचा मिक्सर भिंतीतल्या सॉकेटमधून सव्वातीन अँपिअरच्या आसपास घेतो. व्होल्टेज कमी झालं की तेवढ्याच कामासाठी प्रवाह कित्येक पट वाढतो. इलेक्ट्रिक स्कूटरचंही असंच असतं. ६० व्होल्टची बॅटरी आणि ३ किलोवॅटची मागणी असेल, तर पुन्हा ५० अँपिअरच.

आता बोर्डावर एक सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब अशी तांब्याची पट्टी आहे असं धरा. एक औंस जाडीला तिचा रोध साधारण पाच मिलिओहम येतो. पन्नास अँपिअरला तिथे बारा वॉटच्या वर उष्णता तयार होते. दोन औंसाला सहा वॉट, तीन औंसाला चार. आणि अर्ध्या औंसाला? जवळपास पंचवीस वॉट.

पंचवीस वॉट म्हणजे हॉबीवाल्यांच्या साध्या सोल्डरिंग आयर्नची ताकद. म्हणजे बंद डब्यात, तेवढ्याशा पट्टीवर, एक सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवल्यासारखं झालं. त्यात तांबं तापलं की त्याचा रोध आणखी वाढतो आणि तो आणखी तापतो.

कुठलाही शहाणा डिझायनर पन्नास अँपिअर अशा उघड्या पट्टीतून नेणार नाही. तो पट्टी रुंद करेल, वरच्या आणि खालच्या दोन्ही थरांना ती देईल, किंवा सरळ तांब्याची जाड बसबार बसवेल. इन्व्हर्टरच्या बोर्डावर काही ट्रॅक हिरव्या रंगाखाली न झाकता उघडे ठेवून त्यावर सोल्डरचा फुगीर थर दिलेला तुम्ही पाहिला असेल, तोही याचाच एक स्वस्त उपाय. पण सोल्डर वीज वाहण्यात तांब्यापेक्षा सात-आठ पटींनी कमजोर असतं. त्यामुळे चांगला जाड थर दिला तरच त्याचा उपयोग होतो, नुसता हात फिरवून नाही.

मुद्दा असा की डिझायनरने सगळा हिशोब ४८ मायक्रॉन धरून केला आणि हातात ३३ चा बोर्ड आला, तर पहिल्या दिवशी काहीच होत नाही. इन्व्हर्टर चालतो, चार्जर चार्ज करतो. फक्त आतलं तापमान काही अंशांनी जास्त राहतं. शेजारचे कपॅसिटर लवकर वाळतात, सोल्डरचे जोड थकतात, बोर्डाचा रंग त्या जागी तपकिरी होत जातो. वॉरंटी संपल्यावर कधीतरी दुरुस्तीवाला ‘ट्रॅक उडालाय’ म्हणतो. याचा दोष कारखान्यावर कुणी सिद्ध करू शकत नाही, आणि बहुतेकदा कुणी करायलाही जात नाही.

भोकांमधल्या तांब्याची गोष्ट तर याहून नाजूक. तिथे नेहमीच्या दर्जाला सरासरी २० मायक्रॉन आणि उच्च विश्वासार्हतेच्या बोर्डांना २५ मायक्रॉन लागतात. तापल्यावर बोर्ड जाडीच्या दिशेने तांब्यापेक्षा बराच जास्त फुगतो. थर पातळ असेल तर तापणं-थंड होणं या चक्रात ती तांब्याची नळी आतल्या आत तडकते. मग उपकरण थंड असताना चालतं आणि तापलं की बंद पडतं. मेकॅनिकचं डोकं खाणारा हा दोष वरून दिसतही नाही.

मग सगळीकडे जाडच तांबं का नको?

कारण जाड तांबं बारीक कोरता येत नाही. एचिंगचं रसायन फक्त खाली जात नाही, ते बाजूनेही तांबं खातं. थर जितका जाड, तितकं बाजूने जास्त खाल्लं जातं आणि दोन ट्रॅकमधलं अंतर तितकं जास्त ठेवावं लागतं. मोबाइलच्या बोर्डावर शेकडो ट्रॅक एकमेकांना खेटून असतात. तिथे दोन औंस तांबं म्हणजे रांगोळी काढायला झाडू घेतल्यासारखं. उलट तिथे काही मायक्रॉनच्या फॉइलपासून सुरुवात करून हवं तिथेच तांबं चढवतात.

आणि वेगवान सिग्नलच्या दुनियेत जाडीला फारसा अर्थच उरत नाही. वारंवारिता वाढली की वीज तांब्याच्या पोटातून न जाता पृष्ठभागालगत वाहते. एक गिगाहर्ट्झला ती फक्त दोन मायक्रॉनच्या आसपास खोल जाते, दहा गिगाहर्ट्झला एका मायक्रॉनपेक्षाही कमी. तिथे महत्त्वाचा असतो तो तांब्याचा गुळगुळीतपणा. एआयच्या सर्व्हरसाठी लागणारी अतिगुळगुळीत फॉइल आज जगात मोजक्या कंपन्याच बनवतात, आणि जपानची मित्सुई किन्झोकू त्यात आघाडीवर आहे.

थोडक्यात, ‘जाड म्हणजे चांगलं’ हेही खरं नाही. जिथे प्रवाह मोठा आहे तिथे जाडी हवी. आपल्याकडे जी उपकरणं मोठ्या संख्येने बनतात आणि घराघरांत वर्षानुवर्षं चालतात, त्यातली बरीच या प्रकारची आहेत: इन्व्हर्टर, सौरपंपाचे कंट्रोलर, ई-रिक्षाचे चार्जर, स्कूटरचे कंट्रोलर. सोशल मीडियावर चर्चा चिपची होते, पण ही उपकरणं चिपपेक्षा तांब्यावर जास्त अवलंबून असतात.

पाच रुपयांचा मोह

२०२५ हे तांब्यासाठी विचित्र वर्ष होतं. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जुलैमध्ये तांब्यावर ५० टक्के आयात शुल्काची घोषणा केली आणि अमेरिकेतला भाव गगनाला भिडला. महिनाअखेरीस निघालेल्या आदेशात शुद्ध तांबं वगळून फक्त पत्रे, तारा, पाइप अशा अर्धतयार मालावर शुल्क लावलं गेलं, तेव्हा तोच भाव एका दिवसात कोसळला. ८ सप्टेंबरला इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग या जगातल्या अवाढव्य खाणीत चिखलाचा लोंढा घुसला. सात कामगारांचा जीव गेला आणि पुरवठ्याचं गणित बिघडलं. डिसेंबरमध्ये लंडनच्या बाजारात तांब्याने टनाला १२ हजार डॉलरचा टप्पा पहिल्यांदाच ओलांडला. रुपयांत तो किलोला साधारण एक हजार ऐंशी होतो.

आता मोह किती आहे ते पाहा. दहा बाय पंधरा सेंटिमीटरचा दोन बाजूंचा बोर्ड घ्या. त्यावर एक औंसाऐवजी अर्ध्या औंसाची फॉइल लावली, तर साडेचार ग्रॅमच्या आसपास तांबं वाचतं. १२ हजार डॉलरच्या भावाने त्याचे होतात पाच रुपये. फॉइल बनवण्याची मजुरी यात धरलेली नाही, हा फक्त धातूचा भाव आहे.

पाच रुपयांसाठी कोण एवढं करेल, असं वाटेल. पण एक लाख बोर्डांची ऑर्डर असेल तर ते पाच लाख होतात. साध्या बोर्डांच्या धंद्यात स्पर्धा रुपया-दोन रुपयांवर चालते. ऑर्डरवर नुसतं ‘१ औंस’ लिहिलेलं असेल, तर हे पाच रुपये वाचवणं फसवणूकही ठरत नाही, कारण शब्दांत ते बसतं. माझ्या मते खरी अडचण इथे आहे. भेसळ करणाऱ्याला पकडता तरी येतं. इथे मोजमापच ढिलं आहे, त्यामुळे प्रामाणिकपणे जास्त तांबं देणाराच महाग ठरून स्पर्धेतून बाहेर पडतो.

बोर्ड देशी, पण तांबं कुणाचं?

भारतात बोर्ड बनवणारे कारखाने अनेक वर्षांपासून आहेत, पण चीनच्या मालापुढे ते टिकाव धरू शकले नाहीत. कोऱ्या बोर्डावर मूळ आयात शुल्क शून्य आहे, कारण माहिती-तंत्रज्ञानाच्या वस्तूंवर शुल्क न लावण्याचा जागतिक व्यापार संघटनेतला करार भारताने नव्वदच्या दशकातच स्वीकारला. सरकारच्या हातात उरलं ते अँटी-डम्पिंग शुल्काचं हत्यार. मार्च २०२४ मध्ये ते चीन आणि हाँगकाँगहून येणाऱ्या, सहापर्यंत थर असलेल्या बोर्डांवर वापरलं गेलं. म्हणजे नेमके ते साधे बोर्ड, जे इन्व्हर्टर आणि चार्जरमध्ये लागतात.

पुढची पायरी म्हणजे २०२५ ची योजना. ऑक्टोबरच्या पहिल्या यादीत केन्स समूहाचे अनेक थरांचे बोर्ड, दाट जोडण्यांचे बोर्ड आणि लॅमिनेट हे प्रकल्प आहेत. सिर्माचा अनेक थरांच्या बोर्डांचा प्रकल्प आंध्र प्रदेशात होणार आहे. सातपैकी पाच प्रकल्प तमिळनाडूत, एक आंध्रात, एक मध्य प्रदेशात. पहिल्या यादीत महाराष्ट्र नव्हता. इथल्या वाहन आणि उपकरण उद्योगाचा पसारा पाहता याची चर्चा आपल्याकडे व्हायला हवी होती, तेवढी झाली नाही.

लॅमिनेट देशात बनणं ही मोठी गोष्ट आहे, यात शंका नाही. कारण आजवर ‘देशी’ बोर्ड म्हणजे बाहेरून आलेली शीट कापून, भोकं पाडून, कोरून दिलेला बोर्ड, असंच बहुतांशी चित्र होतं. पण लॅमिनेट म्हणजे काचेचं कापड, इपॉक्सी आणि तांब्याची फॉइल. या फॉइलवर चीन, तैवान, जपान आणि दक्षिण कोरिया यांची पकड आहे. लॅमिनेटचा कारखाना इथे आला आणि फॉइलचे रोल जहाजानेच येत राहिले, तर भाव ठरवण्याची किल्ली बाहेरच राहील.

त्याच्याही मागे जायचं तर शुद्ध तांबं येतं. तमिळनाडूतल्या थुथुकुडीचा स्टरलाइट प्रकल्प वर्षाला चार लाख टन तांबं बनवायचा. प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनात २२ मे २०१८ ला पोलिसांच्या गोळीबारात १३ जणांचा जीव गेला आणि त्या महिन्याच्या शेवटी प्रकल्प बंद झाला. सर्वोच्च न्यायालयाने २९ फेब्रुवारी २०२४ ला कंपनीचं अपील फेटाळलं. शुद्ध तांबं निर्यात करणारा भारत त्यानंतर आयात करणारा झाला. मार्च २०२४ मध्ये गुजरातेत मुंद्र्याला अदानी समूहाचा पाच लाख टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला, त्यामुळे ही पोकळी काहीशी भरेल. तरी खाणीतलं तांब्याचं खनिज बहुतांशी परदेशातूनच येतं.

काही जण थुथुकुडीच्या बंदीलाच सगळ्याचं मूळ ठरवतात. ते मला पटत नाही. शुद्ध तांबं आणि बोर्डाची फॉइल यांच्यामध्ये एक संपूर्ण उद्योग आहे, आणि तो प्रकल्प जोरात चालू असतानाही आपण फॉइलमध्ये मोठे झालो नव्हतो. तिथल्या लोकांनी श्वासाबद्दल केलेली तक्रार टनांच्या आकड्याखाली झाकून टाकणंही बरोबर नाही.

कळणार कसं?

ग्राहक म्हणून तुम्ही काय करू शकता? प्रामाणिक उत्तर: फारसं नाही. बोर्ड हातात घेऊन जाडी कळत नाही, वजनाचा फरक काही ग्रॅमचा असतो. इन्व्हर्टर, अडॅप्टर किंवा एलईडी दिव्यावर बीआयएसचा शिक्का असेल तर सुरक्षेच्या चाचण्या झालेल्या असतात. त्या चाचण्या ‘किती तापतं’ हे तपासतात, म्हणजे तांबं कमी असेल तर त्याचा परिणाम अप्रत्यक्षपणे पकडला जाऊ शकतो. पण चाचणीला जातो तो नमुना. त्यानंतर बनणाऱ्या लाखो नगांमध्ये तीच फॉइल आहे की नाही, हे नंतरच्या तपासणीवर अवलंबून असतं.

उपकरण दुरुस्तीला उघडलं तर मात्र एक गोष्ट नक्की पाहा: बॅटरीच्या जाड तारा जिथे बोर्डाला जोडल्यात, तिथला रंग. आजूबाजूचा हिरवा भाग ताजा आणि तेवढीच जागा तपकिरी पडली असेल, तर तिथे बराच काळ जास्त उष्णता साचत होती. कारण ढिला जोड असू शकतं किंवा अपुरं तांबं. आणि मेकॅनिक जंपर मारत असेल तर त्याला तार जाड घ्यायला सांगा. बारीक तारेचा जंपर म्हणजे पुन्हा तोच पातळ ट्रॅक.

बोर्ड विकत घेणाऱ्या लघुउद्योजकाच्या हातात याहून बरंच काही आहे, आणि त्याला खर्चही फार नाही. ऑर्डरवर ‘१ औंस’ एवढंच न लिहिता फॉइल किती औंसाची हवी, तयार बाहेरचा थर किमान किती मायक्रॉन, आतला किती, भोकात किती आणि कुठल्या मानकानुसार, हे चार आकडे वेगवेगळे लिहायचे. प्रत्येक लॉटबरोबर मायक्रोसेक्शनचा फोटो मागायचा. ही तपासणी सोपी आहे. बोर्डाचा छोटा तुकडा कापतात, रेझिनमध्ये बसवतात, घासून चकचकीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. काचेच्या धाग्यांमध्ये तांब्याची केशरी रेघ स्पष्ट दिसते आणि तिची जाडी थेट मोजता येते. चांगले कारखाने ही तपासणी स्वतःसाठी करतातच, फोटो मागणारा ग्राहक मात्र विरळा असतो.

सरकारी पातळीवरही हेच करता येईल. सौरपंप, स्मार्ट मीटर, ई-बस अशा उपकरणांची मोठी खरेदी सरकारी पैशातून होते. त्या निविदांमध्ये तयार थराची जाडी मायक्रॉनमध्ये लिहिली, तर २०२५ च्या योजनेतून उभे राहणाऱ्या कारखान्यांना पहिल्या दिवसापासून तेच माप पाळावं लागेल, आणि पाच रुपये वाचवणारा व न वाचवणारा एकाच रांगेत उभे राहणार नाहीत. नवे कारखाने अजून उभे राहतायत, यंत्रं बसायची आहेत. मापाबद्दल बोलायची वेळ सध्या हीच आहे, माल बाजारात आल्यावर नाही.